पियानो, ऊस आणि पंचगंगेचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वादन संपलं की लोक लगेच उठत नाहीत. सतरंज्या गुंडाळायला हात लावतात आणि हात लावता लावता विचारतात. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न फिरून येतायत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

तुम्ही नक्की वाजवता काय?

एकट्या पियानोसाठी मीच बांधलेले छोटे तुकडे. तीन मिनिटांपासून दहा मिनिटांपर्यंतचे. गायक नाही, तबला नाही, मागं तंबोरा नाही. तुकडा म्हणजे तबल्यातला तुकडा नव्हे. 'रचना' म्हटलं की मला उगाच इस्त्रीचा शर्ट घालून बसल्यासारखं वाटतं, म्हणून तुकडा.

विषय सगळे बघितलेले, भोगलेले. करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावात वाढलो. आज्जाचं गुऱ्हाळघर होतं, घरात भजनाची पेटी होती. कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो आणि इथलाच झालो. गाव जेमतेम अर्ध्या तासावर आहे, पण गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हापासून जाणं सणावारापुरतं उरलंय.

कोल्हापुरात पियानो? हे गायकीचं गाव हाय की हो.

हायच की. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारात गायले. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ पासूनची. इथं जुन्या श्रोत्यांपुढं सम चुकली तर शेजारचा माणूस मान वळवून बघतो. त्यांच्यासमोर पियानोवर ख्याल मांडायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो नाद मी केलेला नाही.

पण खासबागेत कुस्ती रंगते ती हलगीवर. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचते ती हलगी, घुमकं आणि कैताळावर. तेही कोल्हापूरच. मी पियानोकडं त्या दारानं आलो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

पियानो म्हणजे मोठी पेटीच ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. पट्ट्या सारख्या दिसतात, तिथंच घोळ होतो.

पेटीत भात्याची हवा सुरांच्या पितळी पात्यांवरून जाते. भाता हलतोय तोवर सूर चालू. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्यानं, म्हणजे फेल्टनं, मढवलेला हातोडा उडतो, तारेवर आपटतो आणि तिथं न थांबता मागं येतो. १७०० च्या सुमारास इटलीत फ्लोरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानं ही युक्ती बसवली. बोट हळू पडलं तर आवाज हळू, जोरात पडलं तर मोठा. ८८ पट्ट्यांमागं साधारण २३० तारा असतात आणि सगळ्यांचा ताण मिळून कित्येक टन भरतो, म्हणून आत बिडाची चौकट लागते. उद्यमनगरातल्या माझ्या एका फौंड्रीवाल्या मित्राला पियानोचं झाकण काढून दाखवलं, तर गडी वादन राहिलं बाजूला, ओतकामच बघत बसला.

आता मुद्दा. एकदा हातोडा आपटला की त्या स्वराचं तुम्हाला काही करता येत नाही. फुगवता येत नाही, वळवता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विरायला लागतो. पेटीवाल्यांना हा दुबळेपणा वाटतो. मला त्यात हलगी दिसते. काडी पडली, आवाज झाला, गेला. पुढचा ठोका कधी टाकायचा एवढंच आपल्या हातात. म्हणून माझं म्हणणं, पियानो ही पेटीची थोरली बहीण नव्हे, तो हलगीचा चुलतभाऊ. आणि गावाकडचे निम्मे आवाज याच जातीचे: कुऱ्हाडीचा घाव, दाराची कडी, बैलाच्या गळ्यातली घाट, पत्र्यावरचा पहिला थेंब. आपटतात आणि विरतात. ते वाजवायला मला दुसरं वाद्य सापडलं नाही.

मग मींड नाही, श्रुती नाही, राग कसा वाजवता?

राग वाजवतो असा माझा दावाच नाही. रागाच्या अंगणातून जातो म्हणा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पियानोवर होत नाही. कुणी दोन पट्ट्या भराभर घासून मींडेचा भास करायला लागला की मला ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं वाटतं. नाही होत तर नाही होत.

पण या वाद्याची एक गंमत सांगतो, घरी पेटी असेल तर तिच्यावरही करून बघा. फक्त काळ्या पट्ट्या घ्या. एका सप्तकात पाच. पांढरीला बोट लावायचं नाही. दोन काळ्यांच्या जोडीतली डावी ती काळी एक, तिथून उजवीकडं मोजायचं. आता काळी एकला सा मानून वर चढा: दुर्गा. त्याच पाच पट्ट्या, सा काळी दोनवर: धानी. काळी तीनवर: भूप. काळी चारवर: मधमाद सारंग. काळी पाचवर: मालकंस. पट्ट्या त्याच, बसायची जागा बदलली की घर बदललं. जाणकार याला मूर्च्छना म्हणतील. मला आठवीत ही गोष्ट भजनाच्या पेटीवर चुकून सापडली, तेव्हा नाव माहीत नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही.

माझा 'पाच उंबरे' हा तुकडा एवढ्याच भांडवलावर उभा आहे. सकाळी अंगणात बसलेली आज्जी भूपात, दुपारी तीच शेतात सारंगात, मध्यरात्री मालकंसात. माणूस एकच, ऊन बदलतं.

'काहील' ऐकताना गुळाचा वास आला असं बायको म्हणते. मुद्दाम काही केलंय?

वहिनींना नमस्कार सांगा. वासाचं श्रेय मी घेत नाही, पण आवाजाचं गणित नक्की केलंय.

गुऱ्हाळ डोळे मिटून ऐकायची जागा आहे. रस काहिलीत, म्हणजे उकळायच्या मोठ्या कढईत, पडतो तेव्हा नुसती सळसळ. चुलवाणात चिपाडं जातात, ती भसाभस पेटतात. भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढताना काहिलीच्या काठावर पत्र्याचा आवाज होतो. मग खरी मजा. रस जसा दाटतो तशी उकळी जड होते. बारीक बुडबुड्यांचा किणकिणाट हळूहळू खाली उतरत जातो आणि शेवटी फद्... फद्... असे मोठे, आळशी बुडबुडे फुटायला लागतात. आमचा गुळव्या थर्मामीटर वापरायचा नाही. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की उतरवतात, हे मी नंतर वाचलं. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी करायचा, आणि त्याच्याही आधी कान द्यायचा. 'आली' म्हणायचा. की चौघं-पाच जण काहील कलती करायला धावायचे.

तुकड्यात उजवा हात अगदी वरच्या सप्तकात बारीक सुरू होतो आणि सात मिनिटांत पायरी-पायरीनं खाली येतो. शेवटी दोन्ही हात खर्जात, एका वेळी तीन-चार लगतच्या पट्ट्या, मध्ये लांब जागा. गुळव्या 'आली' म्हणायचा तिथं मी थांबतो. गूळ वाफ्यात ओतायचा, घोटायचा, ३० किलोचे रवे भरायचे, हे सगळं तुकड्याच्या बाहेर ठेवलंय. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर आमचं चुलवाण विझून बरीच वर्षं झाली होती.

'रात्रीची लाईट' मध्ये सुरुवातीला चार मिनिटं एकच स्वर! रेकॉर्डिंग अडकलंय का?

अडकलेलं नाही, तो डीपी आहे, म्हणजे रानातला विजेचा ट्रान्सफॉर्मर.

ज्यांनी उसाला रात्री पाणी पाजलंय त्यांना सांगायला नको. शेतीपंपाची थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं रात्रीची येते. बॅटरी घेऊन रानात जायचं, दारं धरायची, एक सरी भरली की पुढची मोडायची. मधल्या वेळात बांधावर बसायचं. तेव्हा सोबतीला असते ती डीपीची गुणगुण. वीज ५० हर्ट्झची, आतला लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणला जातो, म्हणून ऐकू येते ती १०० हर्ट्झ. पियानोवर मधल्या सप्तकापासून दोन सप्तकं खाली जी पांढरी पाच आहे ती ९८ ची. म्हणजे डीपी पांढरी पाचला लावलेला आहे, जरासा चढा! आमच्या गावाचा तंबोरा म्हणा हवं तर.

पियानोचा स्वर विरतो, त्यामुळं ती गुणगुण टिकवायला तीच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवावी लागते. करंगळी दुखते. चौथ्या मिनिटाला स्वर अचानक बंद होतो, कारण लाईट जाते. पुढची शांतता लांबलीय असं वाटत असेल तर तुम्ही कधी स्टार्टरपाशी वाट बघितलेली नाही.

'विहीर' मधला प्रतिध्वनी कॉम्प्युटरवर केलाय का?

नाही. खालच्या काही पट्ट्या आवाज न करता हळूच दाबून धरायच्या, म्हणजे त्या तारांवरचे दाबक उचलले जातात. मग वरचे स्वर झटकन वाजवून बोट काढायचं. वरची तार गप्प होते आणि खालच्या, न वाजवलेल्या तारा घुमत राहतात. सतारीत न छेडता घुमणाऱ्या तरफेच्या तारांचंच तत्त्व. लहानपणी विहिरीत डोकावून स्वतःच्या नावानं हाक मारलेला प्रत्येक जण हा तुकडा ओळखतो. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर यातलं काही येत नाही.

गाव म्हणजे पक्षी, बासरी, मोट, सनई. तुमच्यात हे काहीच कसं नाही?

कारण मी ते ऐकत वाढलो नाही. मोट मी फोटोत बघितली. आमच्या गावचा खरा आवाज सांगू? हंगामात डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यावर गाणी वाजवणारा डेक. साखर कारखान्याचा भोंगा, ज्याच्यावर आई भाकऱ्या थापायला बसायची. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या पहाटे तीनला फडाकडं निघायच्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरमाळा. त्या गाडीत पोत्यात गुंडाळलेली पोरं झोपलेली असायची. माझ्याच वयाची. मी गोधडीत, ती गाडीत.

शहरातल्या माणसाला गाव शांत वाटतं, कारण तो रविवारी दुपारी येतो. कोकिळेवर पियानो वाजवणारे पुष्कळ आहेत, त्यांचं चांगलं चालू दे. माझ्या तुकड्यात कोकिळा आलीच तर ती भोंग्यानं उडालेली असेल.

'इशारा पातळी' समजावून सांगा. हा एक तुकडा तीन वेळा ऐकला, कळला नाही पण झोप उडाली.

कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे झोपेतही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, ते पाणी भोगावतीतून खाली पंचगंगेत येतं, आणि मोबाईलवर दर तासाला फूट-इंच यायला लागतात.

मी पियानोच्या पट्ट्या डावीकडून मोजल्या. एक पट्टी एक फूट. ३९ वी पट्टी येते मधल्या पांढरी एकच्या अगदी लगत खाली, म्हणजे अजून उंबऱ्याबाहेर. ४३ वी येते काळी दोन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ५५ वी पट्टी कोणती? पुन्हा काळी दोन, बरोबर एक सप्तक वर. हे मोजताना अंगावर काटा आला. धोका आणि त्या वर्षीचा पूर यांच्यात एक पूर्ण सप्तक होतं.

तुकडा एवढाच आहे. डावा हात एक-एक पट्टी चढतो, उजवा हात घरातली कामं करत राहतो. ३९ ला काही होत नाही, लोक बघायला पुलावर जातात. ४३ ला उजव्या हाताची लय बिघडते. ५५ ला दोन्ही हात उचलायचे आणि पायानं पेडल धरून ठेवायचं, सगळ्या तारा मोकळ्या. पाणी उतरताना मी वाजवत नाही. उतरायला फार दिवस लागले होते.

त्या वर्षी माझा पियानो तळमजल्यावर होता. घर जयंती नाल्यापासून लांब नाही. उभा पियानो, दोनशे किलोच्या वर वजन, जिना अरुंद. शेजारच्या तालमीतली सहा पोरं आली आणि 'हे काय, भरलेलं कपाट हाय व्हय?' म्हणत त्यांनी तो अर्ध्या तासात वर चढवला. पेडलपर्यंत पाणी लागलं होतं. डावं पेडल अजून कुरकुरतं. दुरुस्त करून घेतलं नाही, 'इशारा पातळी' मध्ये ते ऐकू येतं.

पावसाळ्यात पियानो सांभाळता कसा?

हलगीवाला वादनाआधी जाळ करून कातडं शेकवतो, कारण दमट हवेत ते सैल पडतं. पियानोचं उलटं. त्याची लाकडी नादफळी ओल पिऊन फुगते, तारा ताणल्या जातात आणि मधली सप्तकं चढी लागतात. वर पट्ट्या अडकतात, तारांवर गंज येतो. उपाय घरगुतीच: बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला टेकवून ठेवायचा नाही, आत तळाशी कमी वॉटचा बल्ब लावून ठेवायचा, वर पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या पाहुण्यावर लक्ष ठेवायचं. नमद्याला कसर लागते आणि उंदरांना तर तो फारच प्रिय. एकदा सुपारीची आख्खी बेगमी आत निघाली.

ट्यूनर बाहेरून बोलवावा लागतो. जवळच मिरजेत सतार-तंबोऱ्याचे पिढीजात कारागीर आहेत, पण हे दुकान वेगळं. मी ट्यूनिंग दसरा-दिवाळीच्या सुमारास करून घेतो. जुलैत केलेलं ऑक्टोबरात टिकत नाही.

एका तुकड्यात मागं बेडूक ऐकू येतो. मुद्दाम टाकलाय?

खिडकी उघडी राहिली होती. आठ वेळा वाजवलं, हाच प्रयत्न बरा होता, आणि बेडूक लयीत होता.

पोरगीला शिकवायचंय. कीबोर्ड घेऊ का पियानो?

सुरुवातीला कीबोर्ड चालेल, पण एक वर्षानंतरही ती आपणहून बसत असेल तर वजनदार पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा डिजिटल पियानो बघा. हलक्या पट्ट्यांवर बोट फक्त चालू-बंद शिकतं. हळू-जोरातला फरक बोटात उतरायला आत काहीतरी वजन उचलावं लागतं. आपल्या हवेत घरात डिजिटलच सोयीचा, ओल लागून सूर बदलण्याची भानगड नाही. वय सहा-सात ठीक. त्याआधी तिला गाऊ द्या, आणि तालमीत किंवा जत्रेत हलगी वाजत असेल तर पुढं उभी करा. कान तिथं तयार होतो. आणि पाहुणे आले की 'वाजवून दाखव गं' एवढं करू नका.

बाहेरच्या देशांत असं कुणी केलंय का?

भरपूर. नॉर्वेच्या ग्रीगनं १८६७ ते १९०१ या काळात पियानोसाठी ६६ छोटे तुकडे दहा भागांत छापले. शेतकऱ्यांचे नाच, ओढे, घरची ओढ, सगळं त्यात. हंगेरीचा बार्टोक फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत फिरला, म्हाताऱ्या बायकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली आणि मग पियानोवर बसला. अमेरिकेत जॉर्ज विन्स्टन माँटानाच्या माळावर वाढला आणि आपल्या वादनाला लोक-पियानो म्हणायचा. २०२३ मध्ये गेला. मला तिघांतला बार्टोक जवळचा. तो खेड्याला गोड करत नाही.

फक्त एक. ग्रीग ऐकून नॉर्वेचं धुकं वाजवायला जाऊ नका. आपल्याकडं धुकं आहे, गगनबावड्याला जाऊन बघा, आणि त्यात एसटीचा हॉर्न आहे.

लग्नात वाजवता का? आमच्या व्हिडिओला तुमचं संगीत लावू का?

लग्नात नाही. एकदा वाजवलं होतं, जेवणाच्या पंगतीत 'विहीर'. वाढप्यांनी दोनदा येऊन विचारलं, बिघडलंय का म्हणून.

व्हिडिओसाठी आधी विचारा. शेतकरी असाल आणि स्वतःच्या रानाचा व्हिडिओ असेल तर बहुतेक वेळा फुकट हो म्हणतो. जमिनीचे प्लॉट विकायच्या जाहिरातीला नाही.

पुढचा तुकडा कशावर?

'डेक'. उसाची ट्रॉली लांबून येते, अंगावरून जाते आणि वळणावर नाहीशी होते, तेवढ्या दोन मिनिटांवर. जवळ येताना आधी नुसते ठोके ऐकू येतात, गाणं नंतर उलगडतं, जाताना उलट. मसुदा तयार झाल्यावर गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्या पोराला घरी बोलावून ऐकवला. त्यानं चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "दादा, बाकी नाद खुळा. पण बेस कमी हाय."

डावा हात पुन्हा लिहायला घेतलाय.